दुसऱ्या ओळीतले पाय

तो चित्र पायांपासून काढायचा. आधी दोन पाय, मग पोटऱ्या, मग लंगोटी किंवा धोतर, आणि तोंड सगळ्यात शेवटी. माणूस कुठे उभा आहे ते आधी ठरू दे, कोण आहे ते मग बघू, असे म्हणायचा.

कुंचल्याचे टोक डाव्या अंगठ्याच्या नखावर तपासायचा. ते नख कायम काळे.

चहा बशीतून प्यायचा आणि तळाशी घोटभर ठेवायचा. चित्रातली जमीन त्या चहाने रंगवायचा.

शिट्टी वाजवायचा, पण फक्त रेघ ओढताना. रेघ संपली की शिट्टी तिथेच तुटायची.

पेन्सिल खोडायला पावाचा मऊ गाभा वापरायचा आणि काळा झालेला गाभा कोंबडीला टाकायचा. ही कोंबडी शिसे खाऊन मरेल असे मी म्हणायचो. ती अजून आहे.

कोणी स्तुती केली की खोकायचा.

कुंडलिक विशे जाऊन आज अठ्ठावीस दिवस झाले. लिहायला बसलो की त्याच्या सवयीच आठवतात. बाकीचे अजून हाताला लागत नाही.

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत त्याने रंगवलेल्या पाट्या जागोजागी आहेत. पिठाच्या गिरणीवर, सायकलच्या दुकानावर. लग्नघरांच्या भिंतींवर त्याचे हत्ती आणि भालदार आहेत. हे त्याचे पोटाचे काम. लोक त्याला ओळखायचे ते दुसऱ्या कामामुळे. कल्याणहून मुलांचे एक पाक्षिक निघते. त्याच्या शेवटच्या पानावरची चित्रकथा कुंडलिक काढायचा. एका पानात दोन ओळी, प्रत्येक ओळीत चार चौकटी. पात्रांच्या तोंडाशी जे फुगे असतात त्यांतले शब्द मी लिहायचो.

मी बी.ए. होऊन शहापूरच्या शाळेत मराठी शिकवायला लागलो, तेव्हा तो शाळेची पाटी रंगवायला आला होता. शिडीवरून म्हणाला, "मास्तर, जरा मागं सरा. आणखी मागं. आता सांगा, सरळ हाय का?"

मी गटाराच्या काठापर्यंत मागे गेलो. "सरळ आहे," म्हणालो.

"मग तुमचा डोळा वाकडा हाय," तो म्हणाला आणि सगळी ओळ पुसून पुन्हा काढली.

दुसऱ्या दिवसापासून तो मला अरे मास्तर म्हणायला लागला. तो माझ्याहून सोळा वर्षांनी मोठा. तरी मीही त्याला अरे-तुरे करावे असा त्याचा हट्ट होता. अहो म्हटले की तो मागे वळून बघायचा, कोणाला म्हणतोय म्हणून.

माझ्या शब्दांवर त्याचा राग असे. "तुझा माणूस फार बोलतो," म्हणायचा. "डोक्यावर लाकडाची मोळी हाय त्याच्या. एवढं बोलला तर दम लागंल. चार शब्द ठेव." मी चार ठेवायचो. तो त्यातला एक काढायचा.

त्याची एक गोष्ट पाक्षिकाच्या संपादकांना ठाऊक नव्हती. तो प्रत्येक पान दोनदा काढायचा.

हे त्याची बायको गुणाबाई हिच्यामुळे सुरू झाले. तिला अक्षर येत नाही. एकदा ओले पान ओटीवर वाळत होते आणि ती बोट लावून चित्रे बघत होती. पहिली ओळ तिने डावीकडून उजवीकडे बघितली. मग तिचे बोट तिथूनच खाली उतरले आणि दुसरी ओळ तिने उजवीकडून डावीकडे बघितली. गोष्टीत चोर आधी पकडला गेला आणि मग त्याने चोरी केली.

"पुढची ओळ पुन्हा डावीकडून बघायची," मी तिला म्हणालो.

"का म्हनून? नांगर काय शेताच्या टोकाला तास सपला का उचलून परत पयल्या बांधाला आनतात? तिथनंच वळवायचा ना."

कुंडलिक हसला नाही. पुढच्या बाजाराला त्याने तेच पान दहा-बारा जणांना दाखवले. ज्यांना वाचता येत नव्हते ते सगळे नांगरासारखे वळले. तेव्हापासून तो एक पान पाक्षिकासाठी काढायचा आणि एक या लोकांसाठी. या दुसऱ्या पानात खालची ओळ उलटी चालायची आणि फुगे नसायचे. नुसत्या चौकटी उलट्या लावून त्याला भागत नसे. चित्रेही उलटी काढावी लागायची. "ज्या अंगाला डोळा चालतो त्याच अंगाला मानूस चालला पायजे," तो म्हणायचा. "उलटा चालला म्हंजे परत फिरला." पान पुरे झाले की शेवटी त्याच्या कोपऱ्यात नांगराची खूण म्हणून बैलांचे एक छोटे जू काढायचा. जू असलेले पान आसपासच्या वाड्यांवरच्या लोकांचे, आम्ही त्याला वाड्यांचे पान म्हणायचो. जू नसलेले पान कल्याणचे.

आता पोश्याबद्दल सांगतो.

गावाबाहेर कातकरवाडी आहे. तिथली बुधी नावाची बाई लाकडाच्या मोळ्या विकायला बाजारात येते. तिचा मुलगा पोश्या एकोणीस वर्षांचा होता. तोही मोळी घेऊन यायचा. कुंडलिकने त्याला ओटीवर बसवून कितीतरी वेळा काढला होता. त्याच्या डाव्या पायाची करंगळी वर चढलेली होती, ती कुंडलिकला फार आवडायची. साठ सालच्या दिवाळीनंतर वाडीतली माणसे नेहमीप्रमाणे कोळसा पाडायला भट्ट्यांवर गेली. वैशाखात सगळी परत आली. पोश्या आला नाही. येताना ट्रक कुठेसा थांबला, तो खाली उतरला, पुन्हा चढलाच नाही, एवढेच बाकीच्यांना सांगता आले.

त्या पावसाळ्यात कुंडलिकने नवी गोष्ट सुरू केली. एक तरुण घरापासून लांब हरवतो आणि चालत घरी यायला निघतो. वाटेत त्याला एक कुत्रा भेटतो. तोंड कुंडलिकने पोश्याचे घेतले, कारण ते त्याच्या हातात बसलेले होते. नाव मी ठेवले, सावळ्या. मुलांना तो इतका आवडला की वाशिंदच्या शाळेतून कुत्र्याला नाव सुचवणारी सत्तावीस पत्रे आली.

बुधीने वाड्यांचे पान बघितले. तिला सावळ्या हे नाव ठाऊक असायचे कारण नव्हते. जुवाच्या पानात शब्दच नसतात. ती ओटीवर खाली बसली.

"ह्यो कुटं हाय आता?" तिने विचारले.

"इगतपुरीच्या घाटात," कुंडलिक म्हणाला. गोष्ट तिथवर आली होती.

बुधीने मान हलवली आणि मोळी टाकून निघून गेली. पुढच्या पंधरवड्याला पुन्हा आली. तिने पुन्हा तेच विचारले. तेव्हा त्याला कळले की ती कोणाबद्दल विचारते आहे.

"सांग ना तिला," मी म्हणालो. "नुसते चित्र आहे म्हणून सांग."

"काल सांगनार होतो. ती म्हनली, दादा, ह्याच्या पायात काटा गेलाय, पुढल्या टायमाला काढ. काय सांगू तिला मी?"

पुढच्या पानात त्याने काटा काढला.

असे दीड वर्ष चालले. बुधीला प्रत्येक पान हवे असे. ती पाने गुंडाळून बांबूच्या नळीत ठेवायची आणि नळी झोपडीच्या वाशाला टांगायची. दोन दिवाळ्या वाडी भट्ट्यांवर गेली, बुधी गेली नाही. पोरगा येईल आणि झोपडी रिकामी दिसेल, म्हणून. ती गेली नाही म्हणून तिची मुलगी भिमी आणि जावई मागे राहिले. कुंडलिक सावळ्याला घराजवळ आणायचा आणि पुन्हा कुठेतरी वळवायचा. नदीला पूर यायचा. कुत्रा हरवायचा. संपादकांनी लिहिले, गोष्ट लांबते आहे. कुंडलिकने ते पत्र मला दाखवले.

"घरी आनला आन खरा आला नाय, तर?" तो म्हणाला. "आन मारला आन खरा आला, तर?"

मी साहित्याचा विद्यार्थी. शेवट कसा असावा यावर मी परीक्षेत आठ पाने लिहिली आहेत. मी पत्राची घडी करून ते त्याला परत दिले.

यंदा पौषात तो मुरबाडजवळ म्हशाच्या जत्रेला गेला. एका तमाशाच्या तंबूचा दर्शनी पडदा रंगवायचे काम त्याने मागून घेतले होते. पडद्यावर राजा-राणी हवी होती. त्याने राजा-राणी कोपऱ्यात घातली आणि मध्ये माणसाच्या दुप्पट उंचीचा पोश्या काढला, मोळी घेतलेला. तंबूवाला ओरडला असणार. पण म्हशाला बैल विकायला नाशिककडून, नगरकडून, गुजरातेतून माणसे येतात. कोणी तरी बघेल, असा त्याचा हिशेब होता. जत्रेचे चार दिवस तो पडद्याशेजारी बसून होता.

तो परत आला त्या दिवशी मी बहिणीच्या लग्नासाठी गावी निघालो होतो, संक्रांतीनंतरचा मुहूर्त होता. शहापूरच्या स्टँडवर मी गाडीत चढत होतो आणि तो मुरबाडच्या गाडीतून उतरत होता. खांद्यावर जत्रेत घेतलेली नवी घोंगडी. जरा लंगडत होता.

"काय झाले पायाला?"

"पडदा लावताना खिळा लागला. काय नाय. मास्तर, ऐक. एक बैलवाला पडद्यापुढं थांबला. बराच वेळ थांबला. त्यानं पोश्याला ओळखला."

"कुठे आहे तो?"

कंडक्टरने घंटी मारली. मागून कोणी तरी म्हणाले, "ओ गुरुजी, चढा, नायतर उतरा." कुंडलिक हसला.

"जा तू, लग्न करून ये. बहिणीचं, तुझं नव्हं. तवर मी पान काढून ठेवतो. पानच बघ."

मी चढलो. खिडकीतून त्याचे तोंड मला नीट दिसले नाही. आनंदात होता की नव्हता, ते मला सांगता येत नाही. गेले अठ्ठावीस दिवस मी ते आठवून बघतो आहे.

मी आठ दिवसांनी आलो तेव्हा त्याची दातखीळ बसली होती. गुणाबाई म्हणाली, सकाळपासून जबडा उघडत नाय, भाकरीचा घास गेला नाय. डॉक्टर आले, पाय बघितला आणि ताबडतोब मोठ्या इस्पितळात न्यायला सांगितले. आम्ही त्याला एका मालट्रकमधून आग्रा रोडने नेले. ट्रकला धक्का बसला की तो कमानीसारखा वाकायचा.

धनुर्वाताच्या रोग्याला उजेड चालत नाही. आवाज चालत नाही. नर्सबाईंनी खिडकीला त्याचीच म्हशाची घोंगडी लावली आणि मला म्हणाल्या, "एक शब्द बोललात तरी झटका येईल. बसायचे असेल तर गप्प बसा."

मी दोन दिवस गप्प बसलो. तो शुद्धीवर होता. दात घट्ट मिटलेले, डोळे उघडे. माझ्याकडे बघायचा. माझ्या तोंडात एकच प्रश्न होता आणि तो विचारला तर त्याचे हाल होणार होते. त्याला उत्तर माहीत होते आणि त्याचे तोंड उघडत नव्हते. एकदा मी कागद आणि पेन्सिल त्याच्या हातापाशी ठेवली. त्याने बोटे हलवली, तेवढ्याने अंग ताणले गेले. नर्सबाईंनी कागद उचलून नेला. मी पुन्हा ठेवला नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो गेला.

घरी आल्यावर गुणाबाईला विचारले. बैलवाल्याबद्दल तो तिच्याशी काही बोलला होता का?

"मास्तर आला का सांगन, एवढंच बोलला. आन एक सांगू? बाजारच्या दिशी बुधी आली ती. हे तिला बघून मागल्या दारानं निघून गेलं. घरी नाय म्हनून सांग, बोललं."

"का?"

"मला काय ठावं? पान पुरं झालं नाय म्हनून असंल. नायतर..." ती थांबली. "नायतर काय ते मी बोलनार नाय."

मी म्हशाला गेलो. जत्रा उठली होती. दावणींचे खुंट काढून नेलेले, जमिनीत नुसती भोके. तमाशा पुढच्या गावी गेला होता आणि तंबूवाल्याने पडदा तिथेच पुसून नवा रंगवून घेतला, असे एका चहावाल्याने सांगितले. बैलवाले म्हणजे कोण, कुठले, त्याला काय ठाऊक.

पान कुंडलिकच्या चित्र काढायच्या उतरत्या फळीवर चार टाचण्यांनी लावलेले आहे. वरची ओळ पुरी आहे, शाईची. पहिल्या चौकटीत सावळ्या आटगावजवळ ट्रकमधून उतरतो. दुसऱ्या चौकटीत रेल्वेचे फाटक. तिसरीत सागाच्या रानातली वाट. चौथीत लांबून वाडीचा धूर दिसतो. खालच्या ओळीत चार चौकटी आखलेल्या आहेत. उजवीकडच्या तीन कोऱ्या. डावीकडच्या टोकाच्या चौकटीत पेन्सिलीने दोन पाय काढले आहेत. बोटे डावीकडे. डाव्या पायाची करंगळी वर चढलेली.

कोपऱ्यात जू नाही. पण जू तो नेहमी सगळ्यात शेवटी काढायचा.

हे पान वाड्यांचे असेल, तर डाव्या टोकाची चौकट शेवटची. मग सावळ्या डोळ्याच्या बरोबर चालत आला आणि दारात पोचला. हे पान कल्याणचे असेल, तर तीच चौकट खालच्या ओळीतली पहिली. मग तो वाडीचा धूर बघून उलटा फिरला. दोन पानांतले कुठले आधी काढायचे याचा त्याला नेम नव्हता. दुसरे पान आम्ही सगळ्या घरात शोधले. ते त्याने सुरूच केले नव्हते.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी बुधी आली. बरोबर भिमी. भिमीने मला ओटीच्या खाली बोलावले.

"मास्तर, उद्या भट्टीवर जायचा मुकादमाचा शेवटचा ट्रक हाय. दोन वर्सं हिच्यापायी आमी मागं रायलो. रानात कंद तरी किती खनायचं? तुमी सांगा तिला, गोष्ट सपली."

"काय सांगू?"

"काय बी सांगा. मेला म्हना. नायतर आला नि गेला म्हना. तुमी शिकल्यालं, तुमचं ऐकंल. माजं ऐकत नाय. मला बोलते, तुजा भाव हाय का दगड?"

मला सांगता आले असते. दीड वर्ष सावळ्याच्या तोंडी मीच शब्द घालत होतो.

बुधी फळीपुढे उकिडवी बसली. तिचे बोट वरच्या ओळीवरून उजवीकडे गेले, टोकाला खाली उतरले आणि वळले. तीन कोऱ्या चौकटींवरून ते हळू गेले. पायांवर थांबले.

"त्याचंच पाय. करंगळी बग, गो भिमे."

भिमीने बघितले नाही.

बुधीचे बोट आता कोपऱ्याकडे गेले. तिथे काही नव्हते. तिने कागदाच्या खाली बघितले, मागे बघितले. मग माझ्याकडे.

"जू नाय. मास्तर, ह्यो कागद माजा का कल्याणच्या सायबाचा?"

गुणाबाई दारात उभी होती. भिमी माझ्याकडे डोळे लावून होती.

"मला ठाऊक नाही," मी म्हणालो.

"तुमी तं ह्याच्यासंगं लिवायचं."

"मी शब्द लिहायचो. तो काय काढणार ते मला शेवटी कळायचे."

तिने पायांवरून पुन्हा एकदा बोट फिरवले. मग उठली. मी टाचण्या काढायला लागलो, कागद तिला देण्यासाठी. तिने माझा हात धरला.

"नको. पुरा झाला नाय. ऱ्हाऊ दे हितंच. पुरा झाला का निरोप धाडा."

"म्हातारे, आता कोन पुरा करनार हाय?" भिमी म्हणाली. "चितरं काढनारा दादा मेला ना."

"मग तू जा," बुधी म्हणाली. "मी तुला कवा अडवली?"

भिमी रडली नाही. खाली उतरून चालू लागली आणि थोड्या अंतरावर आईसाठी थांबली.

दुसऱ्या दिवशी ट्रक आला आणि त्यांच्यावाचून गेला. तिघे अजून वाडीत आहेत. वाडीत दुसरे कोणी नाही. परवा बाजारात बुधी मोळी घेऊन आली होती. ओटीवरून तिने फळीकडे बघितले, मला काही विचारले नाही.

संपादकांचे पत्र आले आहे. कुंडलिकबद्दल त्यांनी चांगले चार शब्द लिहिले आहेत. खाली लिहिले आहे की सावळ्या घरी पोचला का, असे मुले विचारत आहेत. गोष्ट कळवा, चित्रे दुसऱ्याकडून करून घेऊ. मी उत्तर दिलेले नाही. वर्गातही मुले तेच विचारतात. मी धडा काढायला सांगतो.

गुणाबाईने फळी हलवलेली नाही. बशीत चहा वाळून त्याची पापडी झाली आहे. पावाचा गाभा दगडासारखा झाला आहे, कोंबडीसुद्धा त्याला तोंड लावत नाही. मी शाळा सुटली की येऊन बसतो.

जू काढायला तीन रेघा लागतात. एक आडवी, दोन उभ्या. मला चित्रकला येत नाही, पण तेवढे येईल. वहीच्या मागे मी काढून बघितले. जू काढले की कागद बुधीचा होतो आणि पोश्या दारात पोचतो. मग ती आयुष्यभर झोपडी सोडणार नाही. नाही काढले तरी ती सोडणार नाही. आणि त्या बैलवाल्याने काय सांगितले ते कुंडलिकला ठाऊक होते, मला नाही.

पेन्सिल फळीच्या खाचेत आहे. तीन चौकटी कोऱ्या आहेत. पायांना अजून शाई द्यायची आहे, वर पोटऱ्या काढायच्या आहेत, मग लंगोटी, आणि शेवटी तोंड.